‘सावत्र बहीण’ की ‘पहिल्या घरची’? सिंड्रेलाच्या गोष्टीसाठी शब्द हवाय

नमस्कार, मी बडोद्याची, कॉलेजला आहे. सिंड्रेलाची गोष्ट नव्याने लिहितेय, फँटसी कादंबरी, माझ्याच वयाच्या मुलामुलींसाठी, आणि सांगणारी सिंड्रेला नाही तर तिची स्टेपसिस्टर आहे. सरळ ‘सावत्र बहीण’ लिहून पुढे गेले पण आता खटकतंय. आपल्याकडे सावत्र म्हणजे सहसा बाप एक आणि आया दोन ना, जसे ध्रुव आणि उत्तम. पण फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७च्या गोष्टीत दुसरी आई आपल्या दोन मुली घेऊनच येते, ग्रिम बंधूंच्या १८१२च्या पुस्तकातही तसंच, म्हणजे सिंड्रेलाचं आणि त्यांचं ना बाप एक ना आई. तरी सावत्रच म्हणायचं का?

---

सावत्रच लिही गं. रोजच्या बोलण्यात एवढं रक्ताचं कोण बघतं, वाचणाऱ्याला लगेच कळतं.

---

>> रोजच्या बोलण्यात एवढं रक्ताचं कोण बघतं

कळतं हे खरं, पण काय कळतं ते बघा ना. सावत्र आलाय सापत्नवरून आणि सापत्न सपत्नीवरून, सपत्नी म्हणजे सवत. शब्दाच्या पोटातच दोन बायकांचं वैर आहे, पेपरात ‘सापत्न वागणूक’ छापतात ती हीच. आपल्या कहाण्यांमधल्या आवडती-नावडती दोघीही जिवंत, एकाच राजाच्या राण्या. इंग्रजी ‘स्टेप’चं मूळ वेगळं, जुन्या इंग्रजीत तो शब्द पोरकं होण्याशी जोडलेला होता. सिंड्रेलाची आई तर गेलेलीच आहे, ग्रिमच्या गोष्टीत ती आईच्या थडग्यावर हेझलची फांदी लावते, त्याचं झाड होतं आणि त्यावरचा पांढरा पक्षी तिला कपडे टाकतो, परीबिरी कुणी नाही. यात सवत कुठे आली? आणि तुझी सांगणारी मुलगी, तिचाही बाप गेला असेल तर तीही पोरकीच की. ‘सावत्र’ लिहिलंस की पहिल्याच पानावर लोक तिला दुष्ट ठरवून मोकळे, मग तिच्या बाजूने गोष्ट सांगायची कशाला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

---

बडोद्यात राहून गुजराती शब्द कसा नाही आठवला कुणाला? आंगळियात! आईचं बोट धरून तिच्या दुसऱ्या घरी आलेलं मूल. जोसेफ मेकवान यांची याच नावाची कादंबरी आहे, १९८९चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. आणि लक्षात घे, हा शब्द सिंड्रेलाला नाही, तिच्या बहिणींना लागतो, बोट धरून त्या आल्यात, घर सिंड्रेलाचं आहे. तसाच्या तसा उचल म्हणत नाही, पुण्या-नागपूरच्या वाचकाला टीप द्यावी लागेल. पण आमच्या दांडिया बाजारातल्या आत्या अशा मुलीला ‘पहिल्या घरची’ म्हणायच्या, तो घे, त्यात कुणाला दोष नाही.

---

अजून एक, घरात ‘सावत्र ताई’ अशी हाक कुणी मारत नाही, हाक ताईच. सावत्र हे शेजारणींच्या तोंडी ठेव, तिथे त्यातला डंख शोभतो. वडिलांना बिजवर म्हण, नेमका शब्द आहे. आणि ग्रिमच्या गोष्टीत बूट पायात जावा म्हणून एक अंगठा कापते, दुसरी टाच, सुरी हातात देते ती त्यांची सख्खी आई! तिथे ‘सख्खी’ हा शब्द आलाच पाहिजे.

---

अंगावर काटा आला काका. ताई, आत्या सगळ्यांचे आभार, मग निवेदनात ‘पहिल्या घरची’, हाक ‘ताई’, सावत्र फक्त बाहेरच्यांच्या तोंडी. सुरीचा प्रसंग आज परत लिहिते. फक्त बिजवर कळेल का १५-१६ वर्षांच्या मुलांना?

---

कळेल, त्याच वाक्यात त्याची पहिली बायको गेल्याचं येऊ दे, अर्थ आपोआप लागतो. कंसात अर्थ मात्र देऊ नकोस, वाचण्याची लय मोडते.