पोलार्डिंग: शिस्तीची छाटणी की कायदेशीर कत्तल?

धुमारे: तारांखाली, अरुंद फुटपाथवर मोठं होणारं झाड लावायचंच असेल तर पोलार्डिंगइतका, म्हणजे ठरावीक उंचीवर त्याच जागी पुन्हा पुन्हा फांद्या छाटण्याइतका, भरवशाचा उपाय नाही. फांद्या अंगठ्याएवढ्या असतानाच, दोन-तीन मीटर उंचीवर पहिला काप घ्यायचा. पानगळीनंतर, डोळे फुटण्याआधी. पुढे दर दोन-तीन वर्षांनी त्याच जागी. तिथे मूठ, म्हणजे गाठाळ फुगवटा, तयार होते. धुमारे तिच्या अगदी लगत कापायचे, मुठीला मात्र करवत लावायची नाही. सुप्त डोळे आणि साठवलेलं पिष्ट तिथेच असतं.

सालपट: कागदावर छान आहे. प्रत्यक्षात चाळीस वर्षांच्या झाडाचा शेंडा उडवतात आणि त्याला पोलार्डिंग म्हणतात! वीस सेंटिमीटरच्या कापात गाभा उघडा पडतो. गाभ्यात जिवंत पेशी नाहीत, म्हणजे कुज अडवायला कुणी नाही. वर फुटलेले धुमारे नुसते बाहेरच्या थराला धरून. काही वर्षांत ते जड होतात, खालचं लाकूड कुजलेलं, आणि वादळात सालीसकट उचकटतात.

धुमारे: ते शेंडा मारणं झालं. त्याचं खापर पोलार्डिंगवर कशाला? कोवळ्या फांदीत गाभा जेमतेमच. दोन-तीन सेंटिमीटरची जखम लवकर भरते.

सालपट: बरं. पण मग हे जन्माचं काम झालं, आणि नेमकं तेच कुणी करत नाही. वीस वर्षं हात लावला नाही की एका मुठीवर सगळं ओझं आणि खाली बहुधा पोकळ खोड. लंडनजवळच्या एपिंग फॉरेस्टमध्ये १८७८ च्या कायद्याने फांद्या तोडायचा जुना हक्क संपला. तिथली बीच आणि हॉर्नबीमची झाडं आज डोईजड झालीत.

तुतीचा_मळा: पोकळ म्हणजे मेलेलं नव्हे. झाड जगतं ते बाहेरच्या थरावर, आणि माथा लहान असला की वाऱ्याचा जोरही कमी. वर्षानुवर्षं छाटणी सुटलेलं झाड मात्र एका दमात मुठीपर्यंत आणू नका, बीच तर बऱ्याचदा मरतो. काही वर्षांच्या अंतराने, टप्प्याटप्प्याने उतरवा. दरवेळी पानं असलेल्या फांद्या राखा आणि काप मुठीपासून लांब, लांबट खुंट ठेवून घ्या. नवे डोळे बऱ्याचदा खुंटावरच फुटतात. विलो, तुती, प्लेन, लिंडन ही झाडं अशी छाटणी सोसतात. पाइनच्या वाटेला जाऊ नका, जुन्या लाकडातून तो फुटत नाही.

सालपट: टप्पे ठरवणारा माणूस आणि करवत धरणारा माणूस वेगळे असतात, माझं भांडण तिथे आहे. कंत्राटात कापाची जागा आणि जास्तीत जास्त जाडी लिहा, मग पुढचं बोलू.