एसीतून गळते ते पाणी की गॅस? तुमचे अनुभव लिहा

बंगईवाली
काल मृगाचा पाऊस झाला अन् रात्री एसीखालची भिंत ओली, आलमारीवर टपटप. खाली गंज ठेवला, त्या आवाजानं बाबांचे शेवटचे उन्हाळे आठवले. २०१९ मध्ये त्यांच्यासाठीच एसी घेतला होता, दम्याला कूलरची ओल सोसत नव्हती. दर एप्रिलमध्ये थंडच करेना, मेकॅनिक येऊन "गॅस संपला" म्हणून भरून जाय. तीनदा भरला. मला वाटे स्कूटीतल्या पेट्रोलसारखा संपत असंल. चौथ्या वर्षी दुसरा पोरगा आला, त्यानं आधी बाहेरच्या युनिटच्या पितळी नटावर बोट फिरवलं. बाकी सगळी धूळ कोरडी, तिथली काळी चिकट. म्हणे ताई, गॅससोबत तेल फिरते, गॅस जिथून जाते तिथं तेल दिसते. मग साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा हळूहळू हरभऱ्याएवढा झाला, फुटला, पुन्हा तिथूनच दुसरा. त्यानं पाइपाचं तोंड नव्यानं फुलवलं, नट कसला, व्हॅक्यूम केलं, वजनावर गॅस भरला. त्यानंतर आजवर भरावा लागला नाही. गॅस बंद नळीत फिरत राहतो, तो संपत नाही, कमी झाला म्हणजे कुठंतरी गळतेच. बाबांना नीट थंड हवा एकच उन्हाळा मिळाली, हे मनातून जात नाही.

पांदणवाट
बाबांचं वाचून वाईट वाटलं ताई. पण आता गळून राह्यलं ते पाणी आहे, गॅसचा संबंध नाही त्यात. मे महिन्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी की पाणी बाहेर जायच्या पाइपातून थेंब थेंबच येते, पावसाळा लागला की बादली भरते, अन् तोवर पाइपात धूळ, शेवाळ बसलेलं असते. बाहेरच्या टोकातून जोरात हवा मारून पहा. आमच्यात कोळ्याचं जाळं निघालं.

पांढरंसोनं
आमच्या घरी भाव येईस्तोवर कापूस बाजूच्याच खोलीत भरला होता, फिल्टरवर तंतूंची गादी झाली, हवा आत जाईना म्हणून कॉइलवर बर्फ, अन् लाइट गेली की तो सगळा वितळून पलंगावर, लाइट तर रोजच जाते. सासूबाईंनी हातानं शिवलेली गोधडी भिजली. गॅस कमी असला तरी असाच बर्फ धरते म्हणे, म्हणून आधी फिल्टर धुऊन पाहायचा.

वखरपाळी
कापूस काय भावानं गेला शेवटी?

पांढरंसोनं
नका विचारू दादा. जानेवारीत देऊन टाकला.

वखरपाळी
आमचाही तसाच. बरं एसीचं, युनिट गोठ्याच्या भिंतीला लावू नका कोणी. दोन वर्षांत तांब्याचा पाइप हिरवा पडला अन् नटाला चीर. मुताच्या वासातला अमोनिया तांबं-पितळ खाते, आयटीआयच्या सरांनी दाखवलं. बैलं कुठं नेता, युनिटच हलवलं.

लालमाती
नवीन मशीनमध्ये आर३२ नावाचा गॅस असतो, तो पेट घेऊ शकतो, हवेपेक्षा जड म्हणून खाली साचतो. आमच्याकडे एक जण काडी ओढून गळती शोधायला निघाला होता, मी हात धरला. साबणाचं पाणीच लावा, खिडक्या उघड्या ठेवा. अन् जुन्या आर२२ च्या मशीनमध्ये आर३२ भरून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

सांबारवडी
आमच्याकडे एसी नाही, कूलरच. टाकी गळते, आतून डांबर लावलं तरी. ते लिहिलं तर चालते का इथं?

बंगईवाली
चालते नं, लिही. डांबर लावायच्या आधी टाकी पूर्ण वाळली होती का? जंग घासून काढला होता का?

सांबारवडी
घाई झाली हो, नवतपा लागला होता.

बंगईवाली
पांदणवाट दादा, सायकलच्या पंपानं हवा मारली. आधी काहीच नाही, मग बोटभर काळा गोळा अन् मागून भळकन पाणी, पार तुळशीपर्यंत. भिंतीवरची ओल अजून आहे, पण टपटप थांबली. पोळ्या व्हायच्या आहेत, येते मंग.