मेंदूच्या कापांत एमएओ-बी प्रोबचा उजेड: एन्झाइमची सक्रियता कशी सिद्ध करावी?

प्रश्न
पार्किन्सनच्या अभ्यासासाठी आम्ही उंदरांच्या मेंदूच्या जिवंत कापांमध्ये मोनोअमाइन ऑक्सिडेज-बी, म्हणजे एमएओ-बी या डोपामिनसारखी रसायने तोडणाऱ्या एन्झाइमची सक्रियता पाहत आहोत. प्रोबवरील, म्हणजे एन्झाइम शोधण्यासाठी घातलेल्या रेणूवरील, अमिनोप्रोपॉक्सी गटाचे या एन्झाइमकडून ऑक्सिडीकरण झाले की तो गट सुटतो आणि फ्लुओरोफोर, म्हणजे रेणूचा चमकणारा भाग, उजळतो. पेशीसंवर्धनात चित्र स्वच्छ येते. कापांत मात्र उजेड सर्वत्र पसरलेला दिसतो. तो एमएओ-बीमुळेच आहे, असे कशाच्या आधारे म्हणावे?

उत्तर १
आधी अवरोधकांची चाचणी करावी. काही काप सेलेजिलिनमध्ये आणि काही क्लॉर्जिलिनमध्ये ठेवून मगच प्रोब घाला. सेलेजिलिन एमएओ-बीला रोखते, तर क्लॉर्जिलिन त्याच कुळातील एमएओ-ए या एन्झाइमला. मात्र संहती वाढली की दोघांचीही निवडकता कमी होते, त्यामुळे ती काळजीपूर्वक ठरवावी लागेल. सेलेजिलिननंतरही जो उजेड उरेल, तो एमएओ-बीच्या नावावर मांडता येणार नाही. त्यात लिपोफ्यूसिनचा वाटा असू शकतो: हे रंगद्रव्य वयाबरोबर न्यूरॉनमध्ये साठत जाते आणि त्याची स्वतःची प्रतिदीप्ती बऱ्याच रुंद पट्ट्यात पसरलेली असते. वयस्क उंदरांवर काम असेल, तर प्रोब न घातलेला काप सोबत हवाच.

उत्तर २
अवरोधकाने उजेडाचे कारण कळेल, जागा कळणार नाही, आणि माझ्या मते तुमची खरी अडचण तीच आहे. एमएओ-बी मायटोकाँड्रियाच्या बाह्य पटलावर असते, मेंदूत विशेषतः न्यूरॉनना आधार देणाऱ्या पेशींत, म्हणजे अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये. पण सुटा झालेला लहान फ्लुओरोफोर तिथे टिकून न राहता शेजारच्या पेशींत झिरपतो. सक्रिय झाल्यावर क्विनोन मेथाइड हा अतिक्रियाशील रेणू बनवून जवळच्या प्रथिनांना सहसंयुज बंधाने चिकटणारी रचना निवडली, तर हे झिरपणे बरेच कमी होईल. शिवाय असा काप स्थिरीकरणानंतरही, म्हणजे रसायनाने ऊती जशीच्या तशी टिकवल्यावरही, रंग धरून ठेवतो, म्हणून त्यावरच जीएफएपी या खूणप्रथिनाचे प्रतिपिंड लावून अ‍ॅस्ट्रोसाइट ओळखता येतात.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. अवरोधकाने दबणारा उजेड रोगग्रस्त कापांत अधिक आढळला, तर सक्रियता वाढली असे लिहावे का?

उत्तर २
तेवढ्यावरून नको. रोगात अ‍ॅस्ट्रोसाइटची प्रतिक्रियात्मक वाढ होते, त्यामुळे प्रत्येक रेणूची गती तीच राहूनही एकूण एन्झाइम वाढलेले असू शकते. वेस्टर्न ब्लॉट या प्रथिने ओळखण्याच्या तंत्राने एमएओ-बी प्रथिनाचे प्रमाण मोजा आणि उजेडाला त्याने भागून मगच तुलना करा.