मदत हवी आहे: पगारी सेवकांनी कार्यक्रम करायचे की माणसं तयार करायची?

सर्वांना ख्रिस्तात सप्रेम सलाम.

नगर जिल्ह्यातल्या आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, मी यंदा सेक्रेटरी आहे. साधारण दीडशे कुटुंबं. पाळकसाहेबांखेरीज दोन पगारी सेवक आहेत. भाऊ शब्बाथशाळा (मुलांची रविवारची बायबल शाळा) आणि तरुणसंघ बघतात. ताई महिला मंडळ आणि घरभेटी. दोघंही जीव ओतून काम करतात, आणि अडचण तिथंच आहे.

मे महिन्यातली सुट्टीतली बायबल शाळा भाऊंनी एकट्यानं उभी केली. गाणी त्यांनीच बसवली, खाऊ त्यांनीच आणला, मंडपवाल्याशी बोलणंही त्यांचंच. जूनमध्ये त्यांना टायफॉइड झाला आणि तीन रविवार शब्बाथशाळेला कुलूप. मुलं अंगणात खेळून घरी गेली. मंडळीत चार निवृत्त शिक्षिका आहेत! एकीला मी विचारलं तर म्हणाल्या, "आजवर कुणी बोलावलंच नाही गं." हे मनाला फार लागलं.

बायबलातल्या निर्गमच्या 18व्या अध्यायात सासरा इथ्रो मोशेला हेच सांगतो ना? सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच निवाडे करत बसलास तर तूही थकशील, लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम.

पास्टोरेट कमिटीत, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीत, मी मांडलं, की दोघांनी निम्मे कार्यक्रम सोडावेत आणि वर्षभरात प्रत्येकी पाच-सहा जण हाताशी धरून तयार करावेत. लगेच प्रश्न आला, "मग पगार कशाचा द्यायचा?" भाऊही दुखावले, त्यांना वाटलं नोकरीवरच गदा येतेय. खरं तर चूक आम्हा कमिटीवाल्यांची. वार्षिक सभेच्या अहवालात आम्ही कार्यक्रम आणि हजेरी मोजतो, मग त्यांनी तरी दुसरं काय करावं?

ज्यांच्या मंडळीत हा बदल झालाय त्यांनी कृपया सांगा, सुरुवात कुठून केलीत? मला वाटतं नाताळच्या नाटकापासून करावी: तरुणांनी बसवायचं, भाऊंनी नुसतं शेजारी बसायचं, अडलं तरच बोलायचं. घरभेटींचं मात्र सुचत नाही. आजारी माणसाला ताईच हव्या असतात, दुसरं कुणी गेलं की घरचे रुसतात. ताईंनी आधी कुणाला सोबत न्यावं का, आणि किती महिने? अहवालात तुम्ही आता काय लिहिता?

कमिटी पुढच्या रविवारी उपासनेनंतर बसतेय. त्याआधी दोन ओळी लिहिल्यात तरी आधार होईल.