२०२६ च्या सुट्ट्या: रजा कुठं टाकू?
सांगलीचा_पोरगा: नोकरी पुण्यात, शनिवार-रविवार सुट्टी. रजा कमी उरल्यात आणि गणपती, दिवाळी दोन्हीला घरी यायचंय, कसं बसवू?

कृष्णाकाठ: भावा गणपती १४ सप्टेंबरला सोमवारी बसतोय, म्हणजे शनिवारपासून तीन दिवस एकही रजा न घालवता मिळतात. पण आपल्या सांगली संस्थानच्या गणपतीचं विसर्जन पाचव्या दिवशी, १८ ला शुक्रवारी, ते चुकवू नको. मंगळ ते शुक्र चार रजा टाक, १२ ते २० सलग नऊ दिवस आईबाबांजवळ राहशील.

सातारी_ताई: दिवाळीत त्याहून जास्त फायदा आहे बघ. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला रविवारीच आलंय, पाडवा मंगळवारी १० ला, भाऊबीज ११ ला. ऑफिसच्या यादीत पाडवा-भाऊबीज असेल तर ९, १२, १३ अशा तीनच रजांत ७ ते १५ सुट्टी. फक्त एचआरला सँडविच रूल आधी विचार, काही कंपन्या मधली सुट्टीपण रजेतच धरतात, हे फार अन्यायाचं वाटतं मला.

कृष्णाकाठ: बरोबर ताई. दसरापण मंगळवारी आहे, २० ऑक्टोबर, सोमवारची एक रजा टाकली की चार दिवस.

सांगलीचा_पोरगा: मनापासून आभार दोघांचे. दिवाळी पक्की, गणपतीला साहेबांशी बोलतो.

सातारी_ताई: कोयना एक्सप्रेसचं तिकीट तेवढं बघ, बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे दिवाळीचं सप्टेंबरच्या सुरुवातीलाच.