मुंबई ते नाशिक वायनरी, एक दिवस, खासगी गाडी आणि गाइड: पॅकेज घ्यावं का?

खारफुटी (मुलुंड)

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सहा जणांना नाशिकच्या वायनऱ्या बघायच्या आहेत. चार पिणारे, दोन न पिणारे. न पिणाऱ्यांपैकी एक सत्तरीचे, गुडघ्यांचा त्रास असलेले. एका टूरवाल्याने दिलेलं पॅकेज असं: सकाळी ७ ला मुलुंडहून निघायचं, चार वायनरी, गाइड, एसी गाडी, दुपारचं जेवण, रात्री १० ला परत. रक्कम एकरकमी.

१. एका दिवसात चार वायनरी खरंच होतात?
२. नंतर वरून काय काय लावतात?
३. जानेवारीअखेर बागेत बघण्यासारखं काही असतं का?
४. चार ठिकाणी टेस्टिंग म्हणजे पोटात नेमकी किती वाइन जाते?

---

कसारा_बायपास

चार होत नाहीत. कागदावर होतात.

हिशोब मांडून बघा. मुलुंड ते आमणे (भिवंडीजवळ, समृद्धी महामार्ग इथून लागतो) साधारण ३५ किमी. माजिवड्यापासून वडप्यापर्यंत रस्ता कसा वागेल हे देव जाणे, पण सकाळी लवकर पाऊण तास धरा. आमणे ते इगतपुरी समृद्धीने ७६ किमी. हा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला आणि जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाट टळतो. त्याला पाऊण ते एक तास. इगतपुरी ते नाशिक ४५ किमी, तासभर. तिथून गंगापूर रोडने धरणाच्या बाजूला आणखी अर्धा-पाऊण तास, शहरातली गर्दी धरून. चहा-नाश्त्याला थांबलात की सातला निघालेली गाडी अकरा-सव्वाअकराला पोहोचते.

मुलुंडला रात्री दहाच्या आत यायचं तर नाशिक पाचला सोडायला हवं. म्हणजे हातात पावणेसहा-सहा तास. एका वायनरीत फेरी पाऊण तास आणि टेस्टिंग पाऊण तास, त्यात जेवणाचा सव्वा तास. दोन वायनरी आरामात होतात, तिसरी घाईत. चौथीला फक्त फाटकापाशी फोटो.

दुसरी गोष्ट म्हणजे टूरवाल्याकडून चारही नावं लिहून घ्या आणि नकाशावर टाका. मुंबईकरांना सोयीचे दोन पट्टे आहेत. एक गंगापूर धरणाचा: सुला, यॉर्क, सोमा. सुला आणि यॉर्कमध्ये तर जेमतेम दोन-एक किलोमीटर. दुसरा इगतपुरी-घोटीच्या आतला, कावनई-सांजेगावकडचा: व्हॅलोने, ग्रोव्हर झाम्पा. एका दिवसात एकच पट्टा. पॅकेजमध्ये सुला आणि ग्रोव्हर झाम्पा दोन्ही असतील तर निम्मी दुपार गाडीत जाणार. गर्दी नको असेल तर घोटीकडचा पट्टा चांगला, आणि नाशिक शहरात शिरावं लागत नसल्याने जाता-येता मिळून दोनेक तास वाचतात. पहिल्यांदाच जाणारे मात्र सुला सोडायला तयार नसतात, ते ठीकच आहे. १९९९ साली ती कंपनी उभी राहिली, आज नाशिकची वाइन म्हटलं की लोकांच्या तोंडी तेच नाव आधी येतं.

आणि शेवटचा आठवडा म्हणताय, तर २६ जानेवारी टाळा. ड्राय डे. बाग दिसेल, ग्लास मिळणार नाही. आसपास कुठल्या निवडणुकीचं मतदान असेल तर मतदान संपायच्या आधीचे ४८ तासही तसेच जातात.

---

गोडी_छाटणी

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: याहून चांगली वेळ नाही.

आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते आणि पीक एकदाच घेतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती काडी तयार करायला. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, ती घडासाठी. तिथून साधारण चार-साडेचार महिन्यांनी तोड. म्हणजे वाइनच्या द्राक्षांची तोड जानेवारी ते मार्च. जानेवारीअखेर पांढरी वाणं, सोव्हिन्यॉ ब्लां आणि शेनिन ब्लां, तोडणीला आलेली असतात. शिराज, कॅबरने सोव्हिन्यॉ मागाहून. जून ते ऑगस्टमध्ये गेलात तर हिरवागार पाला आणि चिखल, घड एकही नाही. पावसाळी पॅकेजच्या जाहिरातीत घडांचा फोटो असेल तर तो कुठल्या महिन्याचा हे समजून घ्या.

गाइडला एकच प्रश्न विचारा: "ओळींमध्ये नेणार का, की नुसत्या टाक्या आणि पिंपं?" बऱ्याच साध्या फेऱ्या स्टीलच्या टाक्यांपाशी सुरू होतात आणि पिंपांच्या खोलीत संपतात. तोडणीच्या दिवसांत खरं बघण्यासारखं असतं ते माल उतरवण्याच्या जागी: क्रेट रिकामे होतात, यंत्र देठ वेगळे करून एका बाजूला फेकतं आणि मणी पुढे ढकलतं. पांढऱ्या वाइनसाठी रस आधी दाबून काढतात आणि सालीशिवाय आंबवतात, लाल वाइन सालीसकट आंबते. रंग सालीतून येतो, गरातून नाही. शिराजचा पिकलेला मणी चिमटीत दाबला की आतून जवळजवळ बिनरंगी रस येतो, हे तिथल्या माणसाला दाखवायला सांगा. यात एवढं कळलं तरी फेरी वसूल. फक्त तोड पहाटे, थंडीत उरकतात, आणि तो माल दुपारपर्यंत आत गेलेला असतो. म्हणून पहिली वायनरी जितकी लवकर गाठाल तितकं बरं.

खायच्या द्राक्षाशी तुलना करायला लावा. थॉमसन, सोनाका यांचे मणी मोठे, बिनबियांचे, साल पातळ. वाइनचा मणी वाटाण्याएवढा, जाड सालीचा, बियांचा. खायचं द्राक्ष १६-१८ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) तोडलं तरी चालतं, वाइनसाठी २२-२४ पर्यंत थांबतात, कारण त्या साखरेचंच अल्कोहोल व्हायचं असतं. ७५० मिलीच्या एका बाटलीला किलो-सव्वा किलो द्राक्ष लागतं.

विनंती: ओळीतून मणी तोडून तोंडात टाकू नका. भुरी आणि डावणी या बुरशीच्या रोगांसाठी फवारण्या चालू असतात, कोणत्या ओळीवर कधी मारलंय हे तुम्हाला दिसत नाही.

---

पिवळी_पाटी

दुसरा प्रश्न. "एकरकमी" हा शब्द फसवा आहे, त्यात काय काय धरलंय हे ओळीनिशी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा:

- किलोमीटर. बाहेरगावच्या गाडीला दिवसाला किमान ३०० किमी धरतात, पण तुमचं जाणं-येणं आणि आतलं फिरणं मिळून ४०० च्या आसपास जाईल. वरच्या शंभराचा दर काय? दर १४ रुपये असेल तर तेवढ्यासाठीच १,४०० होतात. आणि मीटर तुमच्या दारापासून सुरू की त्यांच्या गॅरेजपासून, हेही.
- टोल आणि पार्किंग. समृद्धीचा टोल वेगळा, जुन्या हायवेचा वेगळा. टूरवाले स्वस्त पडतं म्हणून घाटातून नेतात आणि तास घालवतात. रस्ता कोणता तेही लिहून घ्या.
- चालकाचा भत्ता, आणि रात्री किती वाजल्यानंतर जादा.
- टेस्टिंगची फी. वायनरीचं प्रवेश-तिकीट आणि टेस्टिंग एकच नसतं. "वायनरी व्हिजिट" एवढंच लिहिलं असेल तर टेस्टिंग तुमच्या खिशातून.
- जेवण. थाळी की मेन्यूतून काहीही? पाणी, सरबत धरलंय का?
- स्लॉट कोणाच्या नावावर आणि किती वाजता. शनिवार-रविवारी वेळेचे स्लॉट भरतात. बुकिंगचा मेसेज हातात नसेल तर बुकिंग नाही असंच समजा.

गाडी पिवळ्या पाटीचीच हवी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. सहा प्रवासी आणि चालक मिळूनच सातआसनी भरते, गाइडला जागा उरत नाही. मागच्या ओळीत गुडघेदुखीवाल्यांना बसवू नका.

गाइडबद्दलही एक. बाहेरचा गाइड टाक्यांच्या भागात तुम्हाला स्वतः फिरवत नाही, तिथे वायनरीचाच माणूस बोलतो. गाइडचे पैसे देताय ते वेळा जुळवणं, आधी फोन करणं आणि रस्त्यात समजावणं यासाठी. एवढं तो करत नसेल तर तो गाइड नाही, दुसरा चालक आहे.

"पिणार नाही असा आमच्यातलाच एक गाडी चालवेल" हाही पर्याय आहे, पण त्याने टेस्टिंगमधला "एकच घोट" घ्यायचा नाही. मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

---

तळाचा_गाळ

चौथा प्रश्न. टेस्टिंगला साधारण ३० मिली ओततात आणि पाच ते सहा वाइन देतात. पाच धरल्या तर १५० मिली, म्हणजे बाटलीचा पाचवा भाग. १३ टक्के अल्कोहोल धरलं तर त्यात शुद्ध अल्कोहोल सुमारे १५ ग्रॅम. चार वायनरी झाल्या तर ६०० मिली, ६० ग्रॅमच्या वर. शरीर तासाला सात-आठ ग्रॅमच्या आसपास निपटवतं. तेव्हा चौथ्या ठिकाणी तुम्ही वाइन चाखत नाही, नुसती पिता. वर कसारा_बायपास यांनी वेळेवरून दोन सांगितल्या, जिभेच्या हिशोबानेही दोनच.

थुंकायचं भांडं टेबलावर ठेवलेलं असतं, ते शोभेला नाही. घोट घ्या, तोंडात घोळवा, भांड्यात टाका. आपल्याकडे लोक लाजतात. ओतणाऱ्याला त्यात काहीच वाटत नाही, उलट तो पुढची वाइन नीट समजावून सांगतो.

क्रम: आधी बुडबुड्याची, मग पांढरी, मग रोझे, मग लाल, शेवटी गोड. लेट हार्वेस्ट शेनिन (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, गोड) आधी चाखली तर नंतरची सोव्हिन्यॉ ब्लां लिंबाच्या पाण्यासारखी लागते. ग्लास दांडीला धरा. बाऊल तळहातात धरला की पांढरी वाइन, जी ८ ते १२ अंशांवर प्यायची, पाच मिनिटांत कोमट होते. रंग बघायला ग्लास तिरका करून मागे पांढरा कागद धरा आणि कडेला बघा, मध्ये नाही. तरुण लाल वाइनची कड जांभळी असते, जुनी झाली की विटकरी होते.

सकाळी अत्तर आणि उग्र वासाचं डिओ लावू नका. तुमच्या नाही तर शेजारच्याच्या नाकाचं वाटोळं होतं.

ओळखपत्र सगळ्यांनी न्या. वाइनला २१ वर्षं पूर्ण लागतात, आणि तिशीतल्या माणसालाही विचारतात.

---

खारफुटी

सगळ्यांना धन्यवाद, डोळे उघडले. टूरवाल्याला पट्टा विचारला तर म्हणाला "सब पास में है". त्याला बाद केलं. आता तीन उपप्रश्न: नाशिकची मिसळ वाइनच्या आधी की नंतर? गुडघेवाल्यांचं काय करायचं? आणि मुंबईहूनच गाडी न्यावी का?

---

तळाचा_गाळ

मिसळ आधी, पण निदान दोन तास आधी, आणि तर्री बेताने. तिखटाने जीभ भाजलेली असली की लाल वाइनचा तुरटपणा आणि अल्कोहोलचा चटका दुप्पट जाणवतो, आणि मग शिराजला नावं ठेवली जातात. उपाशीपोटी टेस्टिंग त्याहून वाईट. तुमच्या वेळापत्रकात नाश्ता इगतपुरीच्या आसपास पोहे-इडलीचा करा आणि मिसळ पुढच्या वेळी नाशिकला याल तेव्हा ठेवा. नाशिककर रागावतील, रागावू द्या.

---

सव्वासहाची_गाडी

गाडी मुंबईहून नेऊ नका. कसारा_बायपास यांचा हिशोब बरोबर आहे, पण तो गाडीचा आहे.

सीएसएमटी-शिर्डी वंदे भारत सकाळी ठाण्याला पावणेसातच्या सुमारास मिळते आणि नऊच्या आसपास नाशिकरोडला सोडते. परतीची संध्याकाळी साडेसातच्या सुमारास नाशिकरोडहून, रात्री दहाच्या आसपास ठाणे. मंगळवारी धावत नाही. वेळा बदलतात, तिकीट काढताना बघून घ्या. नाशिकरोडला स्थानिक गाडी आणि गाइड दिवसभरासाठी घ्या: ३०० किमीचा प्रश्नच येत नाही, आणि गाइड नाशिकचाच असतो. स्टेशन ते गंगापूर धरणाची बाजू पाऊण ते एक तास, म्हणजे दहाला तुम्ही बागेत. गोडी_छाटणी यांनी सांगितलेली माल उतरवण्याची वेळ साधण्याची शक्यताही वाढते. परत येताना वडपे-माजिवड्याच्या रांगेत बसावं लागत नाही, रविवारी तर हाच मुद्दा पुरेसा आहे.

तोटा एकच: परतीची वेळ पक्की. साडेपाचला दुसरी वायनरी सोडायची म्हणजे सोडायची.

गुडघे: टाक्यांच्या भागात फरशी धुतलेली, ओली असते आणि मचाणांना लोखंडी जिने असतात. बुक करताना "फेरीत किती पायऱ्या, बसायची सोय कुठे" हे थेट वायनरीला फोन करून विचारा, गाइडमार्फत नको. बहुतेक वेळा एक जण टेस्टिंग रूममध्ये किंवा व्हरांड्यात बसू शकतो. न पिणाऱ्यांसाठी द्राक्षाचा रस मिळतो का तेही त्याच फोनमध्ये, आणि त्यांच्याकडून टेस्टिंगची फी घेतात का तेही.

---

कसारा_बायपास

सव्वासहाची_गाडी यांच्याशी सहमत, गंगापूर पट्ट्यासाठी. घोटी-कावनई पट्टा करायचा तर मात्र मुंबईहून गाडीच बरी, नाशिकरोडला जाऊन चाळीसेक किलोमीटर उलटं येण्यात अर्थ नाही.

---

तळाचा_गाळ

बाटल्या विकत घेणार असाल तर शेवटच्या वायनरीतून घ्या, पहिल्या नाही. उन्हात उभ्या गाडीची डिकी जानेवारीतही चांगलीच तापते. बुचाची बाटली तापली की आतली वाइन फुगून बूच वर ढकलते, बाजूने चिकट ओघळ येतो आणि हवा आत शिरते. फिरकीच्या झाकणाची त्या मानाने सोशिक, सुलाच्या बऱ्याच बाटल्या तशाच असतात. थर्मोकोलचा डबा न्या, बाटल्या आडव्या ठेवा, बिल वरच्या खिशात. घरी आल्यावर बुचाच्या टोकाला किंवा तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर बाटली परत करू नका. टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक असतात ते, वाइन खूप थंड झाली की बसतात. शेवटचा बोटभर ग्लासात ओतू नका, झालं.