प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने रुजू होणाऱ्यांना हस्तपुस्तिका हवी की नको?

तालुकाकर:
एमबीबीएस झालं की बंधपत्राच्या, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेच्या, वर्षासाठी डॉक्टर प्रा. आ. केंद्रात येतो. केंद्राखाली साधारण ३०,००० लोक, आदिवासी भागात २०,०००. पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंध आणि सामाजिक आरोग्याचा विषय, परीक्षेपुरतं वाचलेलं. आणि एके रात्री वाडीवरून निरोप येतो, जुलाबाचे आठ-दहा रुग्ण आहेत. आधी काय करायचं?

खिशात मावेल अशी मराठी हस्तपुस्तिका रुजू होतानाच द्या. रुग्ण कोणाला धरायचं याची व्याख्या, घरनिहाय यादी, प्रतिजैविक देण्याआधी शौचाचा नमुना, हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), तासाभराने ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलं असेल तर पिवळा रंग येतो). परिपत्रकं ढीगभर निघतात, पण ऐन रात्री ती शोधणार कोण?

आडवाट:
पूर्ण विरोध. तुमचे अडीच ग्रॅम ताज्या पावडरीचे, जिच्यात ३३ टक्के क्लोरीन असतं. ग्रामपंचायतीत तोंड उघडं पडलेल्या पोत्यात तेवढं उरतं का? पुस्तिकेप्रमाणे टीसीएल पडलं, नोंदवहीत सही झाली, पाणी मात्र तसंच! हे जुन्या आरोग्यसेवकाला कळतं. नव्या डॉक्टरला महिनाभर त्याच्याबरोबर विहिरी फिरू द्या.

तालुकाकर:
मग तेच छापा ना: ओटीला पिवळा रंग आला नाही तर पावडर पुन्हा टाका. तो आरोग्यसेवक उद्या निवृत्त झाला की विचारायचं कोणाला?

सिस्टर_पुणे:
मी आडवाट यांच्या बाजूने. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गुलेन-बॅरी सिंड्रोम, ज्यात नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात) रुग्ण एकदम वाढले. एरवी वर्षाला लाखात एक-दोघांना होणारा आजार. कुठल्या पुस्तिकेत त्याचं पान असतं? जे छापलेलं नाही ते माणसाला दिसेनासं होतं, मला भीती त्याची वाटते.

रानवाट:
सिस्टर, पान आजाराचं नसावंच. कोण, कुठे, कधी, एवढं मांडायला शिकवणारं असावं. रुग्ण नकाशावर मांडले की संशय पाण्यावर जातो. शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर (जुलाब घडवणारा आणि पुढे जीबीएसला निमित्त ठरू शकणारा जिवाणू) सापडेपर्यंत 'पाणी उकळून प्या' सांगायला थांबायचं नसतं.

आणि पुस्तिका फक्त डॉक्टरला का? जुलाबाची पहिली बातमी आशाताईला लागते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी, अगदी इंजेक्शन देणंसुद्धा शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले, नवजात मृत्युदर निम्म्याहून खाली आला होता.

आडवाट:
तिथे नियमित देखरेख होती, हे का गाळता? कागद हातात देऊन कोणी इंजेक्शन शिकत नाही.

तालुकाकर:
देखरेख हवीच. पण देखरेख करणाऱ्याने काय तपासायचं, तेही कुठेतरी लिहिलेलं लागतं. तुम्हाला विहिरींचं एवढं कळतं, तर ते पान तुम्हीच लिहा.

आडवाट:
लिहितो. विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मोजण्यापासून, पोतं कधी उघडलं ते विचारण्यापर्यंत. पण महिनाभर गावं फिरल्याशिवाय केंद्राचा ताबा नाही, ही अट पहिल्या पानावर छापा. ती नसेल तर माझा विरोध कायम.